मगदला : मुंबईहून निघालेली एक लढाई

मधली सुट्टी संपून मुले वर्गात येत होती तेवढ्यात मागच्या बाकावर भांडण जुंपले. नववीचा वर्ग. एकाने दुसऱ्याला त्याच्या रंगावरून ‘हबशी’ म्हटले आणि दुसऱ्याने त्याची कॉलर धरली. दोघांना सोडवले, पण शिक्षा केली नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘हबशी’ लिहिले आणि वर्गाला अर्थ विचारला.

“काळा माणूस, सर.” “रानटी, सर.” “ते नालासोपाऱ्याला राहतात ना, ते आफ्रिकावाले.”

त्या दिवशी ठरलेला धडा बाजूला ठेवला. मुलांना सांगितले, हबश म्हणजे अबिसिनिया, म्हणजे आजचा इथिओपिया. मक्केत छळ वाढला तेव्हा इ. स. ६१५ च्या सुमारास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या साथीदारांना जिथे पाठवले तो हा मुल्क. इस्लामच्या इतिहासातली पहिली हिजरत मदिनेची नव्हे, हबशची. तिथला ख्रिस्ती बादशहा नजाशी याने आलेल्या माणसांना आसरा दिला आणि मक्केच्या सरदारांनी मागणी करूनही त्यांना परत दिले नाही. पहिली अजान देणारे हजरत बिलाल (रजि.) हबशी वंशाचे. आपल्या दख्खनमध्ये निजामशाही सावरून धरणारा आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत मुघलांना दमवणारा मलिक अंबर हबशी. जंजिऱ्याचे सिद्दी हबशी, म्हणून तर मुरुडच्या परिसराला जुनी माणसे अजून ‘हबसाण’ म्हणतात.

वर्ग शांत झाला. मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. “सर, ते लोक एवढे मोठे होते, तर आता आपसातच का मरतात? बातम्यांत आफ्रिका म्हटलं की लढाईच असते.”

प्रश्न खरा होता. बहुतेक मोठ्या माणसांच्या मनातही तो असतो, ती विचारत नाहीत एवढेच. उत्तर म्हणून मी तिला मगदलाची गोष्ट सांगितली. गोष्ट संपल्यावर तिने दुसरा प्रश्न विचारला, “सर, त्या लढाईत आपण कुणाच्या बाजूला होतो?” तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी वाचलो. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

कासाचा तेवोद्रोस झाला

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात इथिओपियात बादशहा नावापुरता होता. गोंदर शहरात तो गादीवर बसे, पण खरी सत्ता प्रांताप्रांतांतल्या सरदारांची. प्रत्येकाची स्वतःची फौज, स्वतःची वसुली आणि एकमेकांशी कायमची लढाई. उत्तर पेशवाईत साताऱ्याच्या छत्रपतींची किंवा दिल्लीत शाह आलमची जी अवस्था होती, तशीच काहीशी.

अशा काळात क्वारा या सरहद्दीच्या भागात कासा हैलू नावाचा तरुण पुढे आला. १८१८ च्या सुमाराचा जन्म. आधी बंडखोर म्हणून जंगलात राहिला, टोळी जमवली, एकेक सरदाराला हरवत गेला आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये दुसरा तेवोद्रोस या नावाने त्याने स्वतःला बादशहा म्हणून मुकुट घातला. इंग्रज त्याला थिओडोर म्हणत.

त्याचे बेत मोठे होते. सरदारांच्या फौजा मोडून एकच पगारी फौज उभी करायची, प्रांतांवर आपले माणूस नेमायचे, गुलामांचा व्यापार थांबवायचा, चर्चच्या ताब्यातल्या अफाट जमिनी कमी करायच्या. तरुणपणी इजिप्तच्या फौजेकडून मार खाल्ल्यामुळे तोफेची ताकद त्याला पुरती कळली होती. म्हणून युरोपातून आलेल्या मिशनरी कारागिरांना त्याने गाफात इथे बसवले आणि तोफा ओतायला लावल्या. त्यांतली सर्वात मोठी उखळी तोफ, ‘सेबास्टोपोल’, सुमारे सात टनांची होती.

पण बेत मोठे असले तरी ते राबवण्याचा त्याला एकच मार्ग माहीत होता, तो म्हणजे जबरदस्ती. जमिनी काढून घेतल्या म्हणून पाद्री विरोधात गेले, हक्क गेले म्हणून सरदार गेले आणि फौजेच्या लुटीमुळे शेतकरी गेले. वोल्लो भागातल्या मुस्लिम ओरोमो लोकांवर त्याने वर्षानुवर्षे स्वाऱ्या केल्या. १८६५ मध्ये शोआचा राजपुत्र मेनेलिक त्याच्या कैदेतून निसटला आणि वोल्लोच्या राणी वर्कित हिने त्याला वाट दिली, तेव्हा ओलीस ठेवलेल्या तिच्या मुलाला तेवोद्रोसने ठार मारले. १८६६ मध्ये त्याने गोंदर हे आपल्याच मुल्कातले जुने शहर लुटून जाळले. ज्याने देश एक करायला घेतला, त्याच्या हातात शेवटी मगदलाचा डोंगरी किल्ला आणि आसपासची थोडी जमीन एवढेच उरले.

हे मुद्दाम सविस्तर लिहितो आहे. परकी सत्तेने घात केला असे सांगताना आपले लेखक घरच्या राज्यकर्त्याला धुऊन-पुसून शहीद करतात. तेवोद्रोस शूर होता, दूरचे पाहणारा होता आणि जुलमी होता. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

उत्तर न आलेले पत्र

१८६२ च्या अखेरीस त्याने राणी व्हिक्टोरियाला पत्र लिहिले. मजकूर थोडक्यात असा : मी ख्रिस्ती राजा आहे, तुर्कांनी मला चहूबाजूंनी घेरले आहे, माझे वकील तुमच्याकडे पाठवायचे आहेत, त्यांना वाट मिळवून द्या. ‘तुर्क’ म्हणजे त्याच्या भाषेत इजिप्तची हुकूमत.

पत्र १८६३ च्या सुरुवातीला लंडनला पोहोचले आणि परराष्ट्र खात्याच्या कागदांत पडून राहिले. कारण साधे होते. इंग्लंडला तेव्हा इजिप्तला आणि तुर्कस्तानला दुखवायचे नव्हते. अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस बंद झाला होता आणि लँकेशायरच्या गिरण्यांना इजिप्तचा कापूस हवा होता. त्याच कापूसटंचाईने मुंबईचे व्यापारी रातोरात श्रीमंत झाले आणि १८६५ मध्ये भाव कोसळल्यावर रातोरात बुडाले, हे आपल्याला शाळेत शिकवतात. त्याच कापसापायी एका आफ्रिकी राजाचे पत्र बाजूला पडले, हे शिकवत नाहीत.

तेवोद्रोसला तो अपमान वाटला. त्यातच इंग्रज वकील कॅप्टन कॅमेरॉन इजिप्तच्या ताब्यातल्या सुदानच्या सरहद्दीवर जाऊन आला. जानेवारी १८६४ मध्ये तेवोद्रोसने त्याला साखळदंड घातले. काही मिशनरी आधीच कैदेत होते. मग इंग्रजांनी एडनहून होर्मुझ्द रस्साम याला उत्तराचे पत्र घेऊन पाठवले. हा मोसुलचा ख्रिस्ती, एडनच्या रेसिडेंटचा सहायक. एडनचा कारभार त्या वेळी मुंबई सरकारकडे होता. रस्सामबरोबर गेलेले डॉक्टर ब्लांक आणि लेफ्टनंट प्रिडॉक्स दोघेही मुंबईच्या फौजेचे नोकर. राजाने आधी त्यांचा सत्कार केला, नंतर त्यांनाही अडकवले. तोफा ओतणारे कारागीर मिळेपर्यंत हे ओलीस.

दूताला कैद करणे कुठल्याही कायद्यात बसत नाही, इस्लामी कायद्यात तर नाहीच. पण पत्राला उत्तर न देणाऱ्याची चूकही नोंदवायला हवी. दोन ओळींच्या उत्तराने ही लढाई कदाचित टळली असती.

मुंबई बंदरात

ऑगस्ट १८६७ मध्ये लंडनने फौज पाठवायचे ठरवले. फौज कुठून? इंग्लंडहून नाही, मुंबईहून. सेनापती सर रॉबर्ट नेपियर, मुंबईच्या फौजेचा सरसेनापती.

त्या पावसाळ्यानंतरची मुंबई कशी असेल याची कल्पना करून पाहा. अजून सुएझचा कालवा झालेला नाही, तो १८६९ मध्ये उघडला. बंदरात शिडाची आणि वाफेची जहाजे भाड्याने घेतली जात आहेत. खेचरे, बैल, उंट, घोडे भरले जात आहेत. जड तोफा वाहण्यासाठी ४४ हत्ती जहाजावर चढवले जात आहेत. तंबू, दारूगोळा, चारा, धान्य, एवढेच नाही तर आगगाडीचे रूळ आणि डबेसुद्धा. लाल समुद्राच्या काठी झुला नावाच्या उजाड किनाऱ्यावर इंग्रजांनी धक्के बांधले, समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे बसवली आणि किनाऱ्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत दहा-बारा मैलांची आगगाडी टाकली. ते रूळ टाकणारे मजूर हिंदुस्थानातून नेलेले होते.

आकडे असे सांगतात : लढणारे सुमारे १३,०००, त्यांत गोरे सुमारे ४,०००, बाकी हिंदी. त्यांच्यामागे सुमारे २६,००० बाजारबुणगे, म्हणजे खेचरवाले, भिस्ती, मोतद्दार, डोलीवाले, स्वयंपाकी, मजूर. जनावरे ४०,००० च्या घरात. मुंबईच्या फौजेत त्या काळी कोकणातले मराठे, महार, मुसलमान, बेने इस्राईल सगळेच असत. जहाजांवरचे खलाशी हा तर कोकणी मुसलमानांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा पेशा. म्हणजे मगदलाच्या वाटेवर अजान देणारेही होते आणि भंडारा उधळणारेही होते. नेपियरचे नाव इतिहासात आहे. या २६,००० माणसांतल्या एकाचेही नाव आपल्या पाठ्यपुस्तकात नाही.

झुलाच्या किनाऱ्यावर सुरुवातीला पाण्याअभावी आणि रोगाने जनावरे मोठ्या संख्येने मेली. हत्यारांचा भेदभाव तर उघड होता. गोऱ्या पलटणींना नव्या स्नायडर बंदुका, ज्यांत मागून काडतूस भरून भराभर गोळ्या झाडता येत. हिंदी पलटणींच्या हाती जुन्या ठासणीच्या बंदुका. १८५७ होऊन दहाच वर्षे झाली होती. शिपाई हवा होता, पण त्याच्या हातात चांगली बंदूक नको होती.

अरोगी आणि मगदला

नेपियर जानेवारी १८६८ मध्ये झुलाला उतरला. तिथून मगदला सुमारे ४०० मैल, सगळा डोंगर. एवढ्या लांब रांगेतून जाणारी फौज कुठेही कापून काढता आली असती. कुणी कापली नाही. तिग्राईचा सरदार कासा (हा दुसरा कासा, तेवोद्रोसचा वैरी) फेब्रुवारीत नेपियरला भेटला आणि त्याने वाट मोकळी दिली, धान्यही मिळवून दिले. वाटेतल्या शेतकऱ्यांनी गहू, जव, चारा विकला. इंग्रज रोख चांदीचे डॉलर मोजत होते आणि बादशहाचे शिपाई फुकट लुटत होते. शेतकऱ्याने कुणाला धान्य द्यावे, हे त्याला सांगायला लागले नाही.

१० एप्रिल १८६८, गुड फ्रायडे. किल्ल्याखालच्या अरोगीच्या पठारावर तेवोद्रोसचे हजारो लोक डोंगरउतारावरून भाले, ढाली आणि जुन्या बंदुका घेऊन धावून आले. संध्याकाळपर्यंत त्यांच्यातले सुमारे ७०० मेले आणि त्याहून जास्त जखमी झाले. इंग्रजांच्या बाजूचे वीसेक जखमी झाले, त्यांतले दोन नंतर दगावले. या आकड्यांवरून ती लढाई कसली होती ते कळते.

त्याच्या आदल्या दिवशी तेवोद्रोसने आपल्याच कित्येक देशी कैद्यांना कड्यावरून फेकून मारले होते. लढाईनंतर त्याने नेपियरला पत्र लिहिले. त्यात त्याने कबूल केले की माझे लोक माझ्यावर उलटले, कारण मी त्यांच्यावर कर बसवला आणि त्यांना लष्करी शिस्तीत आणायला गेलो. युरोपीय कैदी त्याने सोडून दिले, बायकामुले धरून पन्नास-साठ माणसे. ज्या कामासाठी फौज आली असे सांगितले होते, ते काम इथे झाले होते. तरीही १३ एप्रिलला किल्ल्यावर हल्ला झाला. इंग्रज आत शिरले तेव्हा तेवोद्रोसने स्वतःवर पिस्तूल झाडून घेतले होते. ते पिस्तूल राणी व्हिक्टोरियानेच पूर्वी भेट दिलेले होते.

मग लूट. चर्चमधले मुकुट, क्रॉस, प्याले, शेकडो हस्तलिखिते. ब्रिटिश म्युझियमचा माणूस, रिचर्ड होम्स, फौजेबरोबरच होता. लूट वाहायला १५ हत्ती आणि सुमारे २०० खेचरे लागली. पुढच्या पठारावर दोन दिवस तिचा लिलाव झाला आणि पैसे शिपायांत वाटले. किल्ला जाळला. तेवोद्रोसचा सात वर्षांचा मुलगा अलेमायेहू याला इंग्लंडला नेले. त्याची आई वाटेतच वारली. मुलगा १८७९ मध्ये अठराव्या वर्षी लीड्सला वारला आणि विंडसरच्या राजवाड्यातल्या चर्चमध्ये पुरला गेला. इथिओपिया त्याच्या अस्थी परत मागतो आहे. २०२३ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याने पुन्हा नकार दिला. तेवोद्रोसच्या डोक्यावरून कापून नेलेली केसांची बट मात्र लंडनच्या लष्करी संग्रहालयाने २०१९ मध्ये परत केली. दीडशे वर्षांनंतर.

खर्च कुणाच्या माथी

आता पैशांची गोष्ट. पार्लमेंटात सुरुवातीला २० लाख पौंड मंजूर झाले. शेवटी खर्च ९० लाखांच्या घरात गेला. इंग्लंडमध्ये आयकर वाढवावा लागला, तिथल्या लोकांनी ओरडा केला आणि चौकशीसाठी समिती बसली.

पण एक हिस्सा इंग्लंडने उचललाच नाही. २८ नोव्हेंबर १८६७ ला पार्लमेंटने ठरवले की हिंदुस्थानातून जाणाऱ्या फौजेचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतूनच द्यायचा. युक्तिवाद असा : पगार तर तुम्ही एरवीही दिलाच असता, मग तुमचे नुकसान काय? शिवाय पूर्वेकडे इंग्रजांचा दबदबा टिकला तर त्यात हिंदुस्थानचाही फायदा.

हे ऐकून गप्प न बसणारी माणसे होती. हेन्री फॉसेट यांनी पार्लमेंटातच विरोध केला. पूर्वी भारतमंत्री राहिलेले लॉर्ड क्रॅनबोर्न स्वतः साम्राज्यवादी, पण तेही म्हणाले की हिंदुस्थान म्हणजे पूर्वेच्या समुद्रातली फुकटची छावणी समजू नका. आणि दुसऱ्याच दिवशी, २९ नोव्हेंबर १८६७ ला, लंडनमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनसमोर मुंबईच्या एका माणसाने अबिसिनियाच्या लढाईच्या खर्चावर निबंध वाचला. ते होते दादाभाई नौरोजी.

त्या वर्षी दादाभाई बेचाळीस वर्षांचे होते. मे महिन्यात त्यांनी ‘इंग्लंडवर हिंदुस्थानचे ऋण’ या विषयावर निबंध वाचला होता. हिंदुस्थानची संपत्ती बाहेर कशी वाहून जाते, हा पुढे त्यांच्या नावाने ओळखला गेलेला विचार तिथे आकार घेत होता. आदल्या वर्षी, १८६६ मध्ये, ओरिसाच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली होती. त्यांना वेळेवर तांदूळ मिळाला नाही आणि वर्षभरात समुद्रापलीकडे हत्ती, रूळ आणि तोफा पोहोचल्या. दादाभाईंचे म्हणणे सरळ होते. ही लढाई हिंदुस्थानची नाही, तर तिचा बोजा हिंदुस्थानवर कशाला?

या युक्तिवादाचा पुढचा धागा मी मुलांना गणितासारखा मांडून दाखवला. एवढी फौज महिनोन्‌महिने बाहेर गेली तरी हिंदुस्थानात काही बिघडत नाही, तर मग एवढी फौज इथल्या रयतेच्या पैशावर पोसलीच कशाला जाते? आणि ती इथे गरजेची असेल, तर बाहेर का नेली? दोन्हीपैकी कुठलेही उत्तर दिले तरी सरकार चुकते. वर्गातल्या शेवटच्या बाकालाही ते कळले.

दादाभाई हरले. पगार हिंदुस्थाननेच दिला. पुढे इजिप्त, सुदान, सोमालीलँड, पूर्व आफ्रिका अशा अनेक ठिकाणी हिंदी शिपाई जात राहिले.

ते निघून गेल्यावर

इंग्रज म्हणतात, आम्ही अबिसिनिया जिंकला पण ठेवला नाही, कैदी सोडवले आणि परत आलो. हे खरे आहे. पण जाताना त्यांनी तिग्राईच्या त्या कासाला मदतीचे बक्षीस म्हणून तोफा आणि शेकडो बंदुका दिल्या. त्या शस्त्रांच्या जोरावर त्याने १८७१ मध्ये प्रतिस्पर्ध्याला हरवले आणि १८७२ मध्ये चौथा योहानेस म्हणून तो बादशहा झाला. वोल्लोच्या मुसलमानांवर ख्रिस्ती होण्याची सक्ती याच योहानेसने केली, १८७८ पासून. म्हणजे परकी फौज परत गेली तरी तिने ठेवलेल्या बंदुकीने पुढचा राजा ठरवला, आणि त्या राजाने कुणाच्या घरात काय करावे याची जबाबदारी कुणीच घेतली नाही.

त्याच्यानंतर आला मेनेलिक, मगदलाच्या कैदेतून निसटलेला तोच. १८८९ मध्ये त्याने इटलीशी उचालीचा तह केला. या तहाचे १७ वे कलम मी भाषेचा शिक्षक म्हणून कधीच विसरत नाही. अम्हारिक मजकुरात होते की परराष्ट्रांशी बोलताना मेनेलिक इटलीची मदत घेऊ शकतो. इटालियन मजकुरात होते की त्याने ती घेतलीच पाहिजे. एका क्रियापदावर एक देश गुलाम ठरत होता. मेनेलिकने तह फेटाळला, सरदारांना एकत्र आणले आणि १ मार्च १८९६ ला अदवा इथे इटलीच्या फौजेला धूळ चारली. तेवोद्रोसजवळ मोठी तोफ होती पण माणसे नव्हती. मेनेलिकजवळ बंदुकाही होत्या आणि एकमेकांशी भांडणारे सरदारही त्या दिवशी बरोबर उभे होते. वोल्लोची फौजही त्यांत होती. फरक एवढाच होता आणि तो फार मोठा होता.

मग आपण कुणाच्या बाजूला होतो?

आता त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. ते आपसातच का मरतात? नोव्हेंबर २०२० मध्ये तिग्राईत लढाई पेटली, शेजारच्या एरिट्रियाची फौजही आत आली, आणि नजाशीच्या नावाची नेगाश गावची मशीद, जिथे पहिल्या हिजरतीतल्या साथीदारांच्या कबरी असल्याचे मानतात, तीही तोफांच्या माऱ्यातून सुटली नाही. त्याच तिग्राईतून १८६८ मध्ये नेपियरची फौज गेली होती. एप्रिल २०२३ पासून शेजारी सुदानात दोन सेनापती एकमेकांशी लढत आहेत. तिथे बाहेरून हत्यारे येत असल्याचे आरोप होतात. घरचे भांडण घरचे असते हे खरेच. पण त्यात बंदूक कुणी दिली, पैसा कुणी लावला, कुणाच्या पत्राला उत्तर दिले आणि कुणाचे बाजूला टाकले, हे विचारल्याशिवाय ‘ते लोक असेच’ म्हणणे म्हणजे अर्धी तवारीख वाचून निकाल देणे. आणि परक्यांनी केले एवढेच म्हणून आपल्या राज्यकर्त्याचा जुलूम झाकणे, ही उरलेली अर्धी तेवढी वाचणे.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. आपण कुणाच्या बाजूला होतो? खरे उत्तर असे आहे की आपण दोन्हीकडे होतो. खेचरामागे चालणारा, रूळ टाकणारा, ठासणीची बंदूक घेऊन उभा असलेला माणूस आपला होता. लुटीच्या लिलावातला हिस्सा त्याच्याही हातात पडला असेल. तो पोटासाठी गेला, त्याला कुणी विचारून पाठवले नव्हते. पण त्याच्या पायांनी चालत साम्राज्य मगदलाला पोहोचले, हे नाकारता येत नाही. आपण स्वतःला फक्त सोसणारे समजतो. त्या डोंगरातल्या शेतकऱ्याला मात्र आपण चढून येणारे दिसलो असू.

आणि त्याच आपल्यातला एक माणूस लंडनमध्ये उभा राहून म्हणत होता की हे आमच्या पैशाने करू नका.

शनिवारी त्या वर्गातल्या काही मुलांना घेऊन घाटकोपरहून मेट्रोने वर्सोव्याला निघालो. असल्फा, साकीनाका, मरोळ, अंधेरी. आझाद नगर गेले आणि पुढच्या स्थानकाची घोषणा झाली, डी. एन. नगर. मी मुलांना विचारले, डी. एन. म्हणजे कोण? रोज याच मार्गाने क्लासला जाणाऱ्या एका मुलालाही ठाऊक नव्हते. दादाभाई नौरोजी म्हटल्यावर ज्या मुलाला हबशी म्हटले होते तोच म्हणाला, “सर, ते पगारवाले?”

होय, ते पगारवाले. शेवटच्या स्थानकावर उतरून आम्ही वेसाव्याकडे चालत गेलो. म्हातारपणी १९०७ नंतर दादाभाई इथेच राहायला आले होते, समुद्राजवळ. मुलांनी विचारले, समोर काय आहे? मी म्हटले, सरळ गेलात तर अरबस्तान, आणि त्याच्या पलीकडे हबश.

ज्याने शिवी दिली होती त्याने तो शब्द हळूच एकदा उच्चारून पाहिला. या वेळी कुणी त्याची कॉलर धरली नाही.